सूर लावताना खोलीत दुसरं कोणी नको

१

जुन्या सिंथेसायझरांची दुरुस्ती करणारा माणूस सकाळी पहिलं काम कोणतं करतो? यंत्र चालू करतो आणि तासभर हातावर हात ठेवून बसतो. ही पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीची वाद्यं. थंड असताना त्यांचे सूर वाटेल तिकडे भरकटतात आणि आतले भाग कोमट झाले की मगच ती माणसात येतात. म्हणून आधी तापू द्यायचं आणि मग सूर लावायचा. उतावळ्या माणसाने या धंद्यात पडूच नये.

आमचा कारागीर उतावळा नव्हता. तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. घराची पुढची खोली हेच त्याचं वर्कशॉप. एक लांब टेबल, त्यावर तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, स्क्रूच्या डब्या, आणि एक जुना ट्यूनर. या ट्यूनरला काटा होता. सूर बरोबर असला की काटा मधोमध उभा राहायचा, चढला की उजवीकडे आणि उतरला की डावीकडे झुकायचा. एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. तो काटा एक सेंटसुद्धा लपवायचा नाही.

ज्या म्हाताऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी एकच नियम कानीकपाळी ओरडून शिकवला होता. सूर लावताना खोलीत दुसरं कोणी नको. "माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा," म्हातारा म्हणायचा. "झाकण काढलेल्या यंत्राजवळ येऊन बसला, की सूर दोन-तीन सेंट चढलाच. तू त्याच्यासकट सूर लावशील, तो उठून जाईल, आणि गिऱ्हाईक तुझ्या नावाने खडे फोडेल."

हा नियम कारागिराने त्या महिन्यात मोडला, आणि तोही जाणूनबुजून.

कारण नऊ दिवसांपूर्वी त्याची बायको इस्पितळातून घरी आली होती. हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "टेबलावर चार मिनिटं त्या गेल्यातच जमा होत्या. आणलं आम्ही परत. महिनाभर एकटं सोडू नका." मग नियम गेला चुलीत! त्याने टेबलापासून तीन हातांवर वेताची खुर्ची मांडली आणि बायकोला तिथे बसवलं. मांडीवर शाल, हातात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. ती नजरेसमोर असली की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

२

टेबलावर त्या वेळी जे यंत्र होतं, तसली जगात शे-सव्वाशेच उरली असतील. एका संगीतकाराचं होतं. तीन आठवड्यांनी त्याचं रेकॉर्डिंग होतं, तोवर हवं होतं. लाकडी पेटी, पाच सप्तकांच्या पट्ट्या, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं.

"ही सवत बरी दिसते हो," बायको खुर्चीतून म्हणाली. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती सवतच म्हणायची. "आधीच्या काळ्या ढब्बीपेक्षा नाकीडोळी नीटस आहे."

"हळू बोल, तिला राग येईल."

"येऊ दे. मी काय घाबरते?"

तो खूश झाला. बायको थट्टा करतेय म्हणजे बरी होतेय. त्याने झाकण काढलं, तासभर यंत्र तापू दिलं, एका पट्टीवर छोटंसं वजन ठेवून सूर धरून ठेवला आणि बारीक पेचकस फिरवत काटा मधोमध आणला. काटा स्थिर झाला. तेवढ्यात बायको उठली.

"पाणी घेऊन येते."

"मी आणतो की."

"बसा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

ती आत गेली. सवयीने त्याने काट्याकडे पाहिलं. एक माणूस खोलीतून गेला, म्हणजे सूर जरासा उतरायला हवा.

काटा उजवीकडे गेला. सावकाश, तीन सेंट, आणि तिथे थांबला.

ती पाण्याचा तांब्या घेऊन परत आली, खुर्चीत बसली, शाल सावरली. काटा डावीकडे सरकत परत मधोमध आला.

कारागीर स्वतःशीच हसला. कोणीतरी शहाण्याने आतला एखादा भाग उलटा जोडलाय, म्हणजे ऊब लागली की सूर चढायच्या ऐवजी उतरतो. असल्या करामती त्याने ढिगाने पाहिल्या होत्या. तो चष्मा पुसून कामाला लागला.

३

दोन दिवस शोधूनही उलटा भाग सापडला नाही. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग त्याने स्वतःवर प्रयोग केला. बायको आत झोपली असताना खोलीबाहेर गेला, दहा मिनिटांनी आत आला आणि यंत्राजवळ बसला. काटा उजवीकडे चार सेंट. म्हणजे यंत्र सरळच वागत होतं. तापलेलं सोल्डरिंग आयर्न जवळ नेलं, काटा उजवीकडे. गरम चहाचा कप नेला, उजवीकडे. बर्फाची वाटी नेली, तेव्हा डावीकडे.

वाऱ्याचं काहीतरी असेल, त्याने ठरवलं. आतल्या दारातून ती येते तेव्हा गार झुळूक येत असणार. त्याने दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली. खिडकी कागदाने बंद केली. खुर्चीची जागा तीनदा बदलली. दर वेळी बायको बिचारी उठून नव्या जागी बसली.

"मला काय कुंडी समजलात? आज इथे, उद्या तिथे."

"उजेड बघतोय तुझ्यासाठी."

"तीस वर्षांत नाही बघितलात तो."

खुर्ची कुठेही ठेवली तरी ती बसली की काटा खाली जायचा. जवळ ठेवली तर पाच सेंट, लांब ठेवली तर एक. बर्फाची वाटीही अशीच वागली होती.

हे मनात आल्याबरोबर त्याने पेचकस खाली ठेवला, उठून तिच्यापाशी गेला आणि तिचा हात हातात घेतला. हात गरम होता, चांगला उबदार. मनगटात नाडी टुकटुकत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. औषधाची वेळ झाली."

त्या दिवशी त्याने थर्मामीटरही लावला. अठ्ठ्याण्णवच्या थोडा वर. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला वाटलं, आणि वाटलीही. मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकोवर नवरा प्रयोग करतोय! कोणाला सांगायची सोय नव्हती.

४

तरी मन ऐकेना. रविवारी मेहुणी बहिणीला भेटायला आली, तेव्हा त्याने तिला खोलीत बोलावलं.

"जरा या खुर्चीत बसतेस? पाच मिनिटं."

"कशाला हो भाऊजी?"

"कामाचं आहे. आणि ही शाल घे अंगावर."

"एवढ्या उकाड्यात शाल? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

बसली बिचारी. काटा उजवीकडे तीन सेंट, अगदी शहाण्यासारखा. मेहुणी हसत होती, कपाळावरचा घाम पुसत होती, आणि हा काट्याकडे बघत होता. मेहुणीचं हसू हळूहळू मावळलं.

"भाऊजी, तुम्ही नीट जेवता का? झोपता का? ताई ठणठणीत आहे हो आता. मला तर वाटतं आधीपेक्षा बरी आहे. तुम्हीच खंगलात."

आणि ते खरंच होतं. बायको ठणठणीत होती. तिला सगळं आठवत होतं. लग्नात कोण रुसलं होतं, पहिल्या बिऱ्हाडाचं छप्पर कुठे गळायचं, सगळं. शब्दकोडं ती पूर्वी अर्धंच सोडवायची आणि उरलेलं त्याच्या गळ्यात मारायची. आता पूर्ण सोडवायची, एवढाच काय तो फरक. त्यावर कोणी तक्रार करतं का?

मेहुणी गेल्यावर त्याने यंत्र नियमाप्रमाणे परत लावलं. बायको झोपलेली, दार बंद, खोलीत तो एकटा, टेबलाजवळ नेहमीच्या स्टुलावर. काटा मधोमध. आता तो असताना शून्य. हे पक्कं झालं.

चार वाजता बायको उठून आली, वेताच्या खुर्चीत बसली, आणि काटा तीन सेंट खाली गेला.

५

बुधवारी संगीतकार आला. यंत्र कुठवर आलं ते बघायला आला आणि पट्ट्यांवर हात ठेवल्यावर त्याला तिथून उठवेना. डोळे मिटून वाजवत होता. कारागीर भिंतीला टेकून ऐकत होता आणि कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

बायको चहाचे कप घेऊन आत आली. संगीतकाराने डोळे उघडले.

"उतरला का हो सूर?"

कारागिराने चटकन ट्यूनरकडे पाहिलं, काटा डावीकडे गेला होता. त्या बोलण्यात एक दिलासाही होता, हे सांगायला हवं. काटा हलताना आपल्या एकट्यालाच दिसतो असं इतक्या दिवसांत त्याला वाटायला लागलं होतं. आता दुसऱ्या कानाने साक्ष दिली होती. पण असल्या साक्षीचं करायचं काय?

"जुनं यंत्र आहे," तो म्हणाला. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"नाही, आत्ता, या क्षणी उतरला. मी तोच सूर धरला होता."

बायकोने कप ठेवले. काट्याकडे पाहिलं. त्या ट्यूनरकडे तिने तीस वर्षांत कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मी आले की माझी सवत तोंड पाडते," ती हसत म्हणाली. "माझ्या लक्षात आलंय ते."

संगीतकारही हसला. कारागीर हसला नाही. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत काहीही वाईट नव्हतं, आणि त्याला तिची भीती वाटली. ज्या बाईच्या कुशीवर हात टाकून तो इतकी वर्षं झोपला, तिची. रात्री त्याने पाठदुखीचं निमित्त केलं आणि अंथरूण वर्कशॉपमध्ये आणलं.

६

शुक्रवारी मेहुणी बहिणीला तपासणीला घेऊन गेली. येताना बाजार करून येणार होत्या. घरात कारागीर एकटा.

सकाळी अकराची वेळ. त्याने जुन्या वह्या काढल्या होत्या. प्रत्येक यंत्राची तो वही ठेवायचा. कोणत्या दिवशी काय बदललं, खोली किती गरम होती, सूर किती हलला. याच जातीचं एक यंत्र त्याच्या हाताखालून एकोणीस वर्षांपूर्वी गेलं होतं, आणि त्याचं एखादं जुनं टिपण उपयोगी पडेल म्हणून तो पानं उलटत होता. एका पानावर त्याच्याच तरुण अक्षरात लिहिलं होतं:

"ही मधेच आली. उंबऱ्यात उभी, एक सेंट वर. मग बोलावलं तर येऊन बसली, तीन वर. सूर परत लावावा लागला. रागावलो. उगाच रागावलो."

बायकोची ती खोडच होती. हा कामात आहे का ते बघत उंबऱ्यात उभं राहायचं, आणि याने मान वर केली तरच आत यायचं. इस्पितळातून आल्यापासून ती उंबऱ्यात थांबली नव्हती. सरळ आत यायची. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याने वही मिटली. सूर चालूच होता, पट्टीवर वजन तसंच. काटा मधोमध.

मग काटा एक सेंट उजवीकडे गेला आणि थांबला.

कारागीर हलला नाही. खिडकीला कागद होता, ऊन येत नव्हतं. सोल्डरिंग आयर्न बंद होतं. आतलं आणि रस्त्याकडचं, दोन्ही दारं लावलेली. त्याने आतल्या दाराच्या उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. काटा एक सेंटवर वाट बघत उभा होता.

शेवटी त्याने मान वर केली, पूर्वी करायचा तशी, आणि म्हणाला, "ये."

काटा दोनवर गेला. वेताची खुर्ची करकरली. काटा तीनवर गेला आणि राहिला.

त्याला रडू फुटलं. इस्पितळाच्या बाकावर बसला होता तेव्हा रडला नव्हता, ते सगळं आता आलं. भीती वाटत नव्हती. खुर्चीच्या बाजूच्या गालाला ऊब लागत होती, कोणी जवळ बसलं की लागते तेवढीच. त्याने हात पुढे केला नाही. हात लावला आणि काही लागलं नाही तर, या विचाराने.

"डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं," तो म्हणाला. "चार मिनिटं, म्हणाले. मग म्हणाले, आणलं परत. मी विचारलं नाही गं काही. आणलं म्हणाले, मी घरी घेऊन आलो."

काटा थरथरला आणि परत तीनवर आला.

"मला कळायला हवं होतं."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मेहुणीचा आवाज, "येते गं ताई, परवा फोन करते," आणि गाडी निघून गेली. मग दारावर थाप पडली.

७

वर्कशॉपचं दार सरळ रस्त्यावर उघडायचं. खुर्चीपासून ते चार पावलांवर होतं.

"अहो, उघडा ना. हातात पिशव्या आहेत."

काटा तीनवरून अडीचवर आला.

कारागीर उभा राहिला. दार उघडलं की खोलीतली ऊब बाहेर जाते, हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि दार उघडल्यावर कोण आत येणार, किती सेंट खाली येणार, हे त्याला त्या पोरापेक्षा चांगलं माहीत होतं.

"अहो! झोपलात का?"

दोन. खुर्ची पुन्हा करकरली, उठताना करकरते तशी.

"डॉक्टर खूश आहेत," बाहेरून आवाज आला. तोच आवाज, तीच हेल काढायची पद्धत. "म्हणाले, अगदी नव्यासारखं हृदय आहे. ऐकताय ना?"

दीड. कारागीर दोन्ही दारांच्या मधे उभा होता. गालावरची ऊब कमी होत चालली होती. एखादी बाई पाहुणे आले म्हणून घाईने आत निघून जावी, तशी ती आतल्या उंबऱ्याकडे सरकत होती. एकवर काटा थांबला. उंबऱ्यात थांबली असणार. हा मान वर करतो का, बोलावतो का, ते बघत.

"जाऊ नकोस," तो कळवळून म्हणाला.

"जाते कुठे?" दाराबाहेरून हसत उत्तर आलं. "इथेच उभी आहे. उघडा आता, हात दुखतोय माझा."

हात दुखतोय, एवढं ऐकलं मात्र. छातीवर अजून टाके असलेली बाई उन्हात ओझं घेऊन उभी आहे. तीस वर्षं असं ऐकल्यावर त्याचे पाय आपोआप दाराकडे गेले होते. विचार त्यांच्या मागून आला, आणि आला तेव्हा कडी निघाली होती.

ती आत आली. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर केस आलेले. "केवढा वेळ हो!" म्हणत तिने पायाने दार लोटलं. त्याने ट्यूनरकडे पाहिलं. काटा मधोमधून खाली उतरत होता, एक, दोन, तीन. त्याने आतल्या उंबऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

"दमले बाई," म्हणत ती वेताच्या खुर्चीत टेकली, आणि अर्धवट उठली. हाताने बैठक चाचपून पाहिली.

"खुर्ची गरम आहे. कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मीच बसलो होतो."

तिने त्याचे डोळे पाहिले. रडून लाल झालेले. मग आतल्या उंबऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, कोणी उभं असावं आणि ते तिला दिसत असावं तसं.

"असू दे," ती म्हणाली, आणि शाल पसरून नीट मागे रेलून बसली. "होईल गार."